फ्लॉपीतली पहिली थाप

माझ्या बाबांच्या आवाजाने बाबांच्याच विरुद्ध साक्ष दिली आणि अख्ख्या गावाने ती देवासमोर मान्य केली. पस्तीसेक वर्षं होऊन गेली त्याला. अजूनही कुणी कीबोर्डवर बोट ठेवून पखवाज ‘वाजवून’ दाखवला की माझं डोकं फिरतं. लोक समजतात, बाईंना नव्या गोष्टींचा तिटकारा आहे. तिटकारा मला यंत्राचा नाही. ते यंत्र पहिल्यांदा आमच्या घरी आलं तेव्हा त्याला पाट मांडून देणारी मीच होते. माझा राग माणसांवर आहे, आणि त्यातल्या निम्म्या माणसांच्या घरी मी आजही हळदीकुंकवाला जाते.

आमचं गाव कट्टा नावाच्या बाजारगावापासून पायी तासाभरावर. मी आमच्या गावातल्याच शाळेत शिकवायची. देवळात दरवर्षी मार्गशीर्षात सात दिवसांच्या भजनाचा सप्ता बसतो. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला गुरव देवासमोर गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक एकसुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. लोकांचा होकार आला की ते वाक्य देवाला पोचलं, असा रिवाज. गाऱ्हाणं संपलं की समईच्या बाजूला बसलेला पखवाजी एकच थाप मारतो. ‘धा’, दोन्ही हातांची, मोकळी. ती थाप घुमत असतानाच देऊळ शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतं आणि मग भजन सुरू होतं. ती पहिली थाप हा आमच्या घराण्याचा मान होता. आजोबांनी मारली, त्यांच्या बापाने मारली, बाबांनी चाळीस वर्षं मारली.

मान म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावताना माझी नेहमी दमछाक होते. त्यात मिळत काही नाही. एक नारळ मिळतो, त्याचीही अर्धी कवड गुरवाकडे जाते. पण मान गेला की माणूस गावात राहून गावाबाहेरचा होतो. लग्नात त्याला बसायला खुर्ची मिळते, पण त्याच्यासाठी कुणी थांबत नाही.

बाबांना मुलगा नव्हता. थोरली बहीण रेडीला दिलेली आणि घरात मी. बाबांच्या मागे थाप कोण मारणार, हा प्रश्न बाबांपेक्षा गावालाच जास्त पडलेला. बाबांना तो पडत नसे, कारण पखवाज मला येत होता. येत होता म्हणजे चार ठेके येत होते असं नव्हे. आठव्या वर्षापासून बाबांनी मला पडवीत समोर बसवून शिकवलं होतं. बाबा जेवणानंतर पान लावत बसले की मी वाजवायची, आणि हात चुकला की ते अडकित्ता पाटावर आपटायचे. ह्याहून जास्त बोलणं त्यांना माहीत नव्हतं.

गावाच्या लेखी मात्र पखवाजाशी माझा संबंध एवढाच की मी कणीक मळते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतात, तेव्हाच त्यातून तो खोल, पोटातून आल्यासारखा नाद निघतो. कणीक सैल झाली तर आवाज फसफसतो, घट्ट झाली तर बसतो, वाळली की गेलाच. सप्त्याला मी पातेल्यात कणीक मळून, ओल्या फडक्याखाली झाकून देवळाच्या पायरीपर्यंत नेऊन द्यायची. पायरीच्या आत ती बाबा नेत.

एका दिवाळीनंतर मुंबईहून एक स्टुडिओवाला आला. देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांनीच त्याला पाठवलेला. अध्यक्षांचं कट्ट्याला दुकान होतं, मुंबईला येणंजाणं होतं, आणि मालवणी भजनांची कॅसेट निघतेय तर आपल्या गावाचा आवाज त्यात हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. स्टुडिओवाला तिशीचा, नम्र, पायांतल्या चपला अंगणातच काढून आला. मला तो आवडला, हे कबूल करते. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला एक लांबलचक कीबोर्ड होता. तो त्याने तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांवर घेऊन आत आणला. मी पाट मांडला.

त्या यंत्राला तो सॅम्पलर म्हणायचा. त्याने पहिल्यांदा ते समजावलं तेव्हा मला खरोखरच आनंद झाला होता. साधा कीबोर्ड स्वतःचे आवाज काढतो. ह्याला स्वतःचा आवाजच नाही. मायक्रोफोनपुढे जे वाजेल त्याचा सेकंद-दोन सेकंदांचा तुकडा हा पोटात घेतो, आपण ठरवू त्या पट्टीवर ठेवतो, आणि मग ती पट्टी दाबली की तोच तुकडा वाजतो. वरच्या पट्टीवर चढ्या सुरात, खालच्या पट्टीवर उतरत्या. यंत्र बंद केलं की सगळं विसरतो, म्हणून ते तुकडे फ्लॉपीवर उतरवून ठेवायचे. त्याच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अशा फ्लॉप्या ओळीने लावलेल्या होत्या. गोव्याकडचं घुमट नावाचं मातीचं वाद्य, कुठल्याशा देवळातली सनई, सावंतवाडीच्या बाजूच्या एका इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली घंटा, शंख, झांजा. “ही माझी लायब्ररी,” तो म्हणाला. “उद्या वादक मिळाला नाही तरी वाद्य अडणार नाही.”

ते वाक्य मी तेव्हा नुसतंच ऐकलं.

दोन दिवस काम चाललं. माजघराच्या भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या. आईने कोंबड्या टोपलीखाली झाकल्या. व्होल्टेज इतकं कमी की यंत्र सुरू होऊन पुन्हा मान टाकायचं, तेव्हा शेजारच्या भाताच्या गिरणीवाल्याला हात जोडून गिरणी बंद ठेवायला लावली. पंखा लावायचा नाही, कारण पंख्याची घरघर यंत्राला ऐकू येते. बाबा घामाने निथळत पखवाज पुढ्यात घेऊन बसले.

“काका, एकेक थाप द्या,” स्टुडिओवाला म्हणाला. “एक ‘धा’. मग थांबा.”

“एकच?” बाबांनी विचारलं. “आणि फुडे?”

“पुढे काही नाही.”

“फुडे काय नाय म्हणजे? थाप खंय जातली मगे?”

तो हसला. बाबा हसले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. थाप पुढच्या थापेकडे जाते, पुढची समेकडे जाते. सुटी थाप त्यांनी आयुष्यात एकाच ठिकाणी मारली होती, वर्षातून एकदा, गाऱ्हाण्यानंतर. आणि त्या सुट्या थापेमागून, चाळीस वर्षांत एकदाही न चुकता, ‘व्हय म्हाराजा’ आलं होतं.

त्यामुळे जे झालं ते होणारच होतं. बाबांनी ‘धा’ मारली, ती गोधड्यांमध्ये घुमली, आणि ती विरायच्या आत बाबांच्या तोंडून आपसूक, ओठ न हलवल्यासारखं निघालं, “व्हय म्हाराजा.”

स्टुडिओवाल्याने कानावरचा हेडफोन बाजूला केला. “काका, बोलायचं नाही.”

“मी खंय बोल्लंय?”

पुन्हा थाप. पुन्हा तेच. बाबांना ते ऐकूही येत नव्हतं. मी कणीक मळत कोपऱ्यात बसले होते, मला हसू आवरेना. आईने दाराआडून बाबांना दटावलं. मग बाबा दात आवळून मारू लागले. पण दात आवळले की हात आवळायचा, आणि थाप मेल्यासारखी यायची. हळू, मध्यम, जोरात, अशा प्रत्येक बोलाच्या तीन-तीन जाती त्याला हव्या होत्या. किट, तक, ना, दिं असे बाकीचे बोल निभावले, पण ‘धा’ बाबांच्या हाताला मोकळी येईना. शेवटी त्याने सगळ्या ‘धा’ एकामागून एक वाजवून पाहिल्या. सगळ्यात भरदार, सगळ्यात मोकळी नेमकी तीच निघाली, जिच्या शेपटीला बाबांचं ‘व्हय म्हाराजा’ होतं.

“हीच ठेवू,” तो म्हणाला. “शेपूट मुंबईला गेल्यावर कापीन. आणि नाही कापली तरी काय, बोट पटकन उचललं की ते ऐकूच येत नाही.”

त्याने पट्टी टिचकीसरशी दाबून सोडली. खरंच, नुसती थाप. मला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा डावा तळवा सुजला. खालच्या अंगाचा एक हळू ‘धुम’ उरला होता, आणि बाबांकडून तो हळू जाईना. बाबांनी पखवाज माझ्याकडे सरकवला. “गो, तू मार. तुझो हात हलको आसा.” मी कणकेचे हात फडक्याला पुसले आणि मारला. स्टुडिओवाल्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तो तुकडा घेतला, फ्लॉपीवर उतरवला. बाबा म्हणाले, “ह्या भायर सांगू नको.” मी नाही सांगितलं.

निघताना त्याने बाबांच्या अंगावर शाल घातली, पायांवर डोकं ठेवलं. फ्लॉपीवर पेनाने लिहिलं, ‘पखवाज – कोकण – १’. माझ्यासमोर लिहिलं. मी म्हटलं, “बाबांचं नाव नाही लिहिलंत?” तो म्हणाला, “ताई, लेबलवर जागा किती असते?” जागा होती. ‘कोकण’ लिहायला पुरली होती.

पुढच्या उन्हाळ्यात कॅसेट आली. मी ती पहिल्यांदा ऐकली कट्ट्याच्या एसटी थांब्यावर, अध्यक्षांच्याच दुकानातून. भजनात पखवाज उडत होता. बाबांनी जन्मात मारली नसती अशी फिरत, अशी घाई, पण प्रत्येक बोल बाबांचा. चेहरा ओळखीचा आणि चाल परक्याची, असं काहीतरी. मध्ये एका ठिकाणी माझा ‘धुम’ येऊन गेला. मी दुकानात शिरून कॅसेटचं कव्हर मागून घेतलं. गायकाचं नाव, कवीचं नाव, ध्वनिमुद्रण कुणाचं ते, कव्हरवरचा फोटो कुणी काढला तेसुद्धा. पखवाजापुढे स्टुडिओवाल्याचं नाव. ज्याने आयुष्यात कणकेला हात लावला नाही त्याचं.

घरी येऊन मी आदळआपट केली. बाबांनी शेजाऱ्याच्या टेपवर कॅसेट दोनदा ऐकली आणि म्हणाले, “आवाज बरो धरल्यान हां.”

“नाव नाही घातलं तुमचं!”

“आवाज कोणाचो ता गावाक म्हायत आसा मां?”

गावाला माहीत आहे, ह्या एका गोष्टीवर त्या माणसाचा एवढा भरवसा होता. मला तेव्हा त्यांचाही राग आला होता. आज त्या वाक्याने राग येत नाही.

कॅसेट चालली. स्टुडिओवाल्याने नवं यंत्र घेतलं आणि जुनं, त्या फ्लॉपीसकट, देवस्थानाला अर्पण केलं. अध्यक्षांनी देवळात मिटिंग बोलावली. यंत्र एका टेबलावर, त्याला झेंडूचा हार. बायका मिटिंगला बसत नाहीत, पण मी शाळेची पेटी परत न्यायला म्हणून गेले होते आणि खांबाशी थांबले.

अध्यक्ष म्हणाले, “पखवाजी आता मिळनत नाय. पोरा सगळी मुंबैक. ह्या यंत्र सात दिवस दमाचा नाय. तेवां औंदा पयली थापय ह्येच्यारच होवंदे.”

बाबा म्हणाले, “पयली थाप माझी आसा.”

“तुमचीच आसा. तुमचोच आवाज आसा त्येच्यात. तुमी आता बसान ऐका.”

“मी आजून मेलंय नाय.”

“तसा कोण म्हणता? पण तुमका झील नाय. तुमच्यामागे थाप कोण मारतलो, ह्याचो इचार गावाक करूक व्हयो का नको?”

“माझा चेडू मारतला.”

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मग कुणीतरी खाकरलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “चेडू? समयेकडे बसतला?” एवढंच म्हणाले, आणि चार जण मान खाली घालून हसले. त्यातला एक माझ्या वर्गातल्या मुलीचा बाप होता.

मला काय बोलावंसं वाटलं ते मी लिहून ठेवते, कारण तेव्हा बोलले नाही. तुम्ही ज्याला हार घातलाय त्याच्या पोटात माझा हात आहे, हे मला त्यांना सांगायचं होतं. समईशेजारी तुम्हाला बाई चालत नाही, पण बाईचा ‘धुम’ चालतो, फक्त तो पत्र्याच्या डब्यातून यायला हवा. मी पेटी उचलली आणि बाहेर आले. बाबांनी सांगू नको म्हटलं होतं, हे खरं. पण मी भ्याले होते हेही खरं, आणि त्याचा राग मी दुसऱ्या कुणावर काढू शकत नाही.

मिटिंगमध्ये ठरलं काहीच नाही. आमच्याकडे मान असा मिटिंगमध्ये काढून घेता येत नाही. मानकऱ्याने स्वतः राजीखुशीने सोडला, आणि ते गाऱ्हाण्यात देवाच्या कानावर गेलं, तरच तो सुटतो. बाबा निर्धास्त होते. “मी सोडलंय नाय, तर जातलो खंय?” असं म्हणत त्यांनी सप्त्याच्या आदल्या दिवशी पखवाजाच्या चामड्याच्या वाद्या ओढून घेतल्या.

सप्त्याच्या दिवशी मी कणीक मळून पायरीवर नेली. आत समईजवळ टेबल होतं, टेबलावर यंत्र, आणि यंत्रामागे स्वतः अध्यक्ष, सोवळं नेसून. त्यांना कुठलंच वाद्य येत नव्हतं. गणपतीच्या आरतीत झांजसुद्धा त्यांच्या हातात देत नसत, कारण ताल एकीकडे आणि अध्यक्ष एकीकडे. त्यांनी ‘धा’च्या पट्टीला कुंकवाचा टिळा लावून ठेवला होता, म्हणजे चुकायला नको. बाबा पखवाज घेऊन आले, जागा नाही हे पाहिलं, आणि खांबाशी बसले. पखवाज मांडीवर. कणीक त्यांनी माझ्याकडून घेतली आणि लावली. काहीही झालं तरी गाऱ्हाण्यानंतर थाप मारायचीच, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, आज तुझी रयत, बारा-पाच मानकरी तुझ्या पायाकडे जमान सप्ताक बसले आसत, ता गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जे कोण पोटापाण्याक भायर गेले आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग गुरव थबकला. अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मान हलवली. गुरवाने खाली बघून, भराभरा म्हटलं, “पखवाजाचो मान ज्या घराण्याकडे होतो, तेंनी तो आपल्या राजीखुशीन तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा, तो पदरात घे रे म्हाराजा!”

एवढं मोठं देऊळ, माणसांनी भरलेलं, आणि कुणाच्याही तोंडून होकार निघेना. त्या क्षणी गाव बाबांच्या बाजूने होतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. सगळे खांबाकडे, बाबांकडे बघत होते. बाबांची मान ताठ होती. वाक्य अधांतरी लटकलेलं. अजून दोन श्वास गेले असते तर गुरवाला ते मागे घ्यावं लागलं असतं.

अध्यक्षांना ती शांतता सोसली नाही. गाऱ्हाणं संपलं असं त्यांना वाटलं की घाबरून हात खाली गेला, देव जाणे. त्यांनी टिळ्यावर बोट ठेवलं. आणि ठेवलं ते ठेवलंच, घराची बेल दाबावी तसं. बोट उचलायचं असतं हे वाजवणाऱ्याच्या हाताला माहीत असतं. त्यांच्या हाताला कुठून माहीत असणार?

देवळावरच्या दोन्ही भोंग्यांतून ‘धा’ घुमली, माडांपर्यंत गेली, विरत आली, आणि तिच्या शेपटीतून बाबांचा आवाज आला. शांत, खात्रीचा, अगदी स्पष्ट.

“व्हय म्हाराजा.”

आणि थाप पडली, होकार आला, म्हणून अख्खं देऊळ सवयीने गरजलं, “व्हय म्हाराजा!”

झालं. एवढ्यात झालं. माणसांनी तोंडं मिटली तेव्हा आपण काय म्हणून बसलो ते त्यांना कळलं, पण शब्द गेला होता.

बाबा उठले. पखवाज दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. ते ओरडले नाहीत. “आवाज माझो आसा,” ते म्हणाले. “व्हय मी म्हटलंय नाय.”

गुरव घामाघूम झाला होता. बाबा त्याला म्हणाले, “कौल लाव.” कौल म्हणजे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून त्यालाच विचारायचं, हो की नाही, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबांचं बरोबर होतं. वाद झाला की आमच्याकडे तोच उपाय. गुरवाने पुन्हा अध्यक्षांकडे पाहिलं.

“पोचलेल्या गाऱ्हाण्याक कौल नाय,” अध्यक्ष म्हणाले. “देवान ऐकल्यान, गावान ऐकल्यान. तुमचोच आवाज होतो.”

मी माणसांच्या तोंडांकडे बघत होते. दोनशे लोक असतील. बाबांचं तोंड मिटलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्यातल्या एकाने, एकाने जरी म्हटलं असतं की मिटलेल्या तोंडाचा होकार आम्ही मानत नाही, तर माझा राग कधीच निवला असता. कुणी म्हटलं नाही. कुणी पंचा झटकला, कुणी झांज शोधू लागलं. माणूस समोर उभा राहून नाही म्हणत होता, आणि गावाने डब्यातला हो धरला, कारण तो सोयीचा होता. गुरवही पुटपुटला, “देवाच्या कानार गेला ता गेला.” भजन सुरू झालं. अध्यक्ष पुढच्या पट्ट्या शोधू लागले.

ते यंत्र दोन सप्ते टिकलं. खाऱ्या हवेने त्याच्या आतल्या पट्ट्या गंजल्या, फ्लॉपीला बुरशी लागली, एका वर्षी ते नुसतं गुरगुरलं आणि बंद झालं. पुढे कॅसेट लावू लागले, आता तर काय काय लावतात. शेपूट कापायला विसरलेल्या स्टुडिओवाल्याला मी पत्र लिहिलं होतं, सविस्तर. त्याचं उत्तर आलं, तांत्रिक चूक राहून गेल्याबद्दल दिलगीर आहे. बाबांना बोलवायला मात्र कुणी आलं नाही, कारण सुटलेला मान परत कसा द्यायचा ह्याचा रिवाजच नाही. अध्यक्ष आता नाहीत. त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मला ठाऊक आहे.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

देवळातून आम्ही दोघं चालत घरी आलो. मागे भोंगे सुरूच होते. बाबांनी पडवीत पखवाज ठेवला, आईने दिलेलं पाणी प्यायले, आणि त्याची कणीक बोटाने खरवडून काढून टाकली. मला वाटलं, आता हा फडताळात जाणार. बाबा म्हणाले, “कणीक मळ.”

मी मळली. घाईत जरा सैलच झाली. पातेलं त्यांच्याकडे सरकवलं, ते त्यांनी माझ्याकडे परत सरकवलं.

“लाव.”

डाव्या तोंडावर कणीक आजवर फक्त त्यांनी लावलेली, मी फक्त मळलेली. मी लावली. त्यांनी अंगठ्याने कडा दाबून बघितली. मग ते उठले आणि, जिथे मी आठव्या वर्षापासून बसत आले त्या पाटावर बसले. त्यांच्या जागेवर मला बसवलं. आई उंबऱ्यात उभी होती.

“मार. एकच.”

मी ‘धा’ मारली, दोन्ही हातांची, मोकळी. पडवीत ती घुमली, आणि विरायच्या आत समोरून आवाज आला, ओठ न हलवल्यासारखा.

“व्हय म्हाराजा.”

हे मात्र त्यांनी म्हटलं होतं.